रिकाम्या पेटाऱ्यांची समुद्रस्वारी

श्री सिंधुसागर प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माहे फाल्गुन शुद्ध द्वितीया, वार स्मरणात नाही. ते दिवसापासोन पौर्णिमेच्या उधाणापर्यंत जे वर्तमान बंदरी घडले ते सेवकाने डोळां पाहिले, कानी ऐकिले आणि अंगावर काढिले. यातील एका अक्षरावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच लिहून मोकळा होतो. सेवकाच्या बोलण्यावर आजवर कोणी ठेविला नाही, त्यावाचून सेवकाचे काही अडले नाही. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण जकातीचे लोकही वाचते आहेत.

तर त्या राज्यात परदेशीहून माल उदंड येई आणि राज्यातून परदेशी काही जाईना. माल ये तो लोखंडी पेटाऱ्यांत भरोन ये, ज्यांस दर्यावर्दी लोक कंटेनर म्हणतात. माल काढून घ्यावा, पेटारा टाकून द्यावा, आणि मग दुसरा यावा, तोही टाकावा, ऐसे होता होता बंदराचे पटांगण भरले, आणि मग रस्ता भरला, आणि मग कोळियांचे खळे, जेथे जवळा वाळत घालीत, तेही भरले. खळे चांगुणा कोळिणीचे, वडिलार्जित. तिणे बंदराचे कारभारी हैबतराव भाटकर यांस भर बाजारात गाठिले आणि बोलिली, "कारभारी, माझ्या खल्याव तुझं डबं येऊन बसलं. आता जवला कुठं वालवू? तुझ्या डोक्याव?" बाजार हसला. हैबतराव मोठे मानी. त्यांणी जागचे जागी पागोटे उतरोन तिच्या पाटीत ठेविले आणि प्रतिज्ञा केली की, "तुझे खळे मोकळे करीन तेव्हाच हे परत मागेन, तोवर बोडक्याने फिरेन." चांगुणा म्हणाली, "ठेव. पन घान लागंल, मंग बोलू नको." फाल्गुनाचे ऊन, त्यात हैबतरावांचे टक्कल, ऐसियास सर्व राज्यास त्यांची दया आली.

दैव अनुकूल होते. दर्यापारच्या एका राजाचे पत्र आले होते की, आम्हांकडे खजूर उदंड, भरावयास पेटारे नाहीत, जुने, वापरलेले, पोचे आलेले कसेही शंभर धाडावे. आणि गोमाजी नाखव्याचे जहाज रिते उभे होते, पौर्णिमेच्या उधाणास निघणार होते. म्हणजे काम इतकेच की, इकडील रिकामे उचलोन तिकडे न्यावे. इतके सोपे काम त्या राज्यात पूर्वी कधी निघाले नव्हते, तेणेकरून ते कोणास करिता येईना.

हैबतराव कागद घेऊन जकातीचे मुख्य चिटकोपंत यांजकडे गेले. पंतांनी चष्मा पुसला आणि पुसिले, "पेटाऱ्यांत काय आहे?"

"काही नाही."

"मालाचे नाव लिहिल्यावाचून कागद पुढे जात नाही."

"पंत, पेटारा हाच माल आहे."

"पेटारा हे वेष्टन. वेष्टनाखेरीज माल जहाजावर चढू नये, ऐसा कायदा. आपण म्हणता पेटारा हाच माल. उत्तम. मग त्याचे वेष्टन कोठे आहे?"

"म्हणजे पेटारा पेटाऱ्यात घालू?"

"घाला ऐसे मी कधी म्हटले? कायदा म्हणतो."

हैबतराव घरी आले. आणि मग लोहार बोलाविले, आणि मग भट्ट्या पेटल्या, आणि मग लहान पेटारा आत मावेल ऐसा थोरला पेटारा सिद्ध जाहला. यारीने, म्हणजे माल उचलावयाच्या यंत्राने, उचलोन लहान त्यात सोडिला, दोरखंड तुटला, यारीवाल्याने आपल्या सासऱ्याचा उद्धार केला, परंतु बसला. मग पंत येऊन पाहते जाहले आणि म्हणाले, "हा थोरला कोरा दिसतो. परवाना वापरलेल्या पेटाऱ्यांचा आहे." हैबतरावांनी दात खाल्ले. आणि मग शंभर हमालांनी तो नवा पेटारा बंदरभर फरफटत फिरविला, घणांनी पोचे पाडिले, खारे पाणी मारोन गंज आणविला, आणि मग पुन्हा पंतांस बोलाविले. पंत संतोष पावले. म्हणाले, "हा वापरलेला खरा. आता सांगा, आत काय आहे?" "पेटारा." "आणि त्या पेटाऱ्यात?" हैबतराव म्हणाले, "काही नाही." पंतांनी चष्मा काढिला. "मग मालाचे नाव लिहिल्यावाचून," ऐसे ते म्हणो लागताच हैबतरावांनी कपाळावर हात मारिला, आणि पागोटे नसल्याकारणे तो आवाज गोदीच्या टोकापावेतो गेला. तो दिवस शुद्ध त्रयोदशीचा. उधाणास दोन दिवस उरले.

तेव्हा सेवक पुढे जाहला. म्हणाला, "पंत, आत मला घाला. म्हणजे आत काहीतरी जाहले." पंतांनी पुष्कळ विचार केला आणि कागदावर लिहिले, 'बखरनवीस, नग एक, वापरलेला.' शिक्का मारिला. एकात माल असल्यास बाकीचे त्याच्या लवाजम्यात जाती, ऐसे कलम त्यांचेच हाती लागले. मग काय विचारता! शंभर पेटारे जहाजी चढले, सेवक आतल्या पेटाऱ्यात पोहे आणि पाण्याची कळशी घेऊन बसला, बाहेरोन दारे लागली, आणि पौर्णिमेस शिडे फुगली. तिसरे दिवशी तुफान ऐसे उठले की जहाज कलते जाहले आणि सर्व पेटारे दर्यात गेले. परंतु रिकामे ते, बुडतील कैसे? ओळीने तरंगत निघाले, पुढे सेवकाचा, मागे नव्याण्णव. एका देवमाशाने त्यांस आपली पिले समजोन शेपटीने हाकिले. सहावे दिवशी दर्यापारच्या किनारी लागले. मग सेवकाने आतोन दार लोटिले, बाहेर पाऊल ठेविले, तो समोर राजा हत्तीवर बसोन...

"थांब रं म्हाताऱ्या," सेवक हे वाचोन दाखवीत असता श्रोत्यांतोन चांगुणा बोलिली. "दार कुनी लोटलं?"

"सेवकाने."

"आतून?"

"आतून."

"कंटेनरची कडी भायेर असते. आतून देवालाबी उघडत नाय. तू आत असतास, तर अजून आतच असतास."

सेवक म्हणाला, "चांगुणाबाई, ते पेटारे निराळ्या घडणीचे होते. आता दर्यापार गेले, दाखविता येत नाहीत."

"गेलं? मंग आता आपन बसलोय कशाव?"

सर्वांनी खाली पाहिले. गंजका पत्रा, पोचे आलेला, खाली त्याचाच भाऊ, त्याखाली चुलता. उतरावयास शिडी. भोवती टपाटपांवर जवळा पसरलेला.

कडेला हैबतराव बोडक्याने बसले होते, ते उठले आणि सेवकाकडे दृष्टी न देता म्हणाले, "चांगुणाबाई, कागदावर तरी गेले ना? शिक्काही आहे. तेवढ्यावर पागोटे..."

"कागदाव नाय वालत जवला," ती म्हणाली. "तुझं पागोटं त्या तिथं पसरलंय, कावल्यांपायी. खलं मोकलं कर, मंग ने."

येणेप्रमाणे लहान पेटारे शंभर, जागचे जागी. थोरला एक, तो त्यांचे भरीस. गोमाजी नाखवा पौर्णिमेस रिताच गेला. पागोटे जवळ्यावर. इतके मात्र खरे, वाटल्यास शिडीने चढोन पाहावे.