टाकीचा वास जाईपर्यंत

रंगाऱ्याची ताई नवऱ्याची मोटारसायकल चालवत भावाच्या दारात आली, तेव्हा तिच्या खांद्याला एक पिशवी होती आणि गाडीच्या टाकीवर हातभर लांब ओरखडा होता. ओरखडा कसा पडला ते तिनं सांगितलं नाही आणि रंगाऱ्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "अरे वा, टाकी रंगवायला आणलीस होय?"

ताईनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो. टाकी रंगवायला."

झालं. सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला. बाई नवऱ्याचं घर सोडून आली म्हटलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडं फुटतात. बाई टाकी रंगवायला आली म्हटलं की कुणाच्या बापाचं काही जात नाही. रंगाऱ्यानं गाड्या रंगवायचा धंदा स्वतः सुरू केला होता, पण रंग मारायची कला मात्र घराण्यातच होती. वडील प्यायचे, त्याला घरात 'पित्त' म्हणत. काका तुरुंगात होता, तेव्हा तो 'बाहेरगावी' होता. एवढे थर एकावर एक बसलेल्या घरात वाढलेल्या माणसानं रंगारी नाही व्हायचं तर काय व्हायचं?

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. ताईचा नवरा शांत बोलणारा माणूस. त्यानं टाकीची चौकशी केली. ओरखडा दिसता कामा नये, लाल रंग पहिल्यासारखाच हवा, असं बजावलं आणि शेवटी म्हणाला, "झाली की दोघींना पाठवून दे."

दोघींना म्हणजे गाडीला आणि ताईला. रंगारी 'हो' म्हणाला. त्याला त्यात काही खटकलं नाही. आपल्याकडे अशा वाक्यांत कुणाला काही खटकत नाही, हीच तर खरी बोंब आहे.

खटकलं ते त्याच्या बायकोला, पण वेगळंच. तिनं स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "किती दिवस?"

"टाकी होईपर्यंत. हा शेवटचा हात मारला की संपलं."

त्याला गल्लीत 'शेवटचा हात' असंच म्हणत. कुठलीही गाडी आली की पहिल्याच हाताला तो म्हणायचा, हा शेवटचा. दुकानावर पाटी होती: 'आमचा रंग उठत नाही.' आणि खरोखरच उठत नव्हता. या एका गोष्टीवर तो ताठ मानेनं जगत होता.

बायकोनं नाक मुरडलं. नणंद-भावजय वर्षातून दोनदा भेटायच्या आणि दोन्ही वेळा एकमेकींच्या भांडी घासण्याला नावं ठेवायच्या. आता एकाच मोरीत दोघी म्हणजे रंगाऱ्याच्या लेखी आगीशेजारी थिनर.

तेव्हा त्यानं झटपट काम उरकलं. टाकी उतरवली, पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर मारला, लाल रंग मारला, वर लॅकर. टाकी अशी चमकली की बायको त्यात डोकावून म्हणाली, घरातल्या आरशापेक्षा यात बरी दिसते मी. त्यानं टाकी गाडीवर बसवली, पेट्रोल भरलं आणि भाऊजींना फोन करायला घेतला. तेवढ्यात ताईनं हाक मारली. टाकीला घामोळं आलं होतं.

बारीक बारीक पुळ्या. रंगाऱ्यानं बोट फिरवलं आणि नखानं एक पुळी फोडून पाहिली. पण तो हार मानणाऱ्यांतला नव्हता. तो दोष देणाऱ्यांतला होता. आधी दोष धुळीला दिला. सगळं दुकान धुऊन काढलं, टाकी खरवडून पुन्हा रंगवली, पुन्हा पुळ्या. मग दोष स्वयंपाकघरातल्या तेलकट धुराला. घरात चूल बंद झाली. सगळी मंडळी गार जेवली आणि टाकीला पुळ्यांऐवजी वाटाण्याएवढे फुगे आले. मग दोष ओल्या केसांनी दुकानात येणाऱ्या बायकोला. त्यावर बायको जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ताई ते ऐकून हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. बायकोनं ते पाहिलं आणि गंमत म्हणून तेच पुन्हा एकदा, जास्त खमंग करून सांगितलं.

भाऊजींचा फोन रोज यायचा. टाकीचं काय झालं, ओरखडा दिसतो का, लाल तोच आहे ना. ही गाडी डोंगरदऱ्यांत पळवायची म्हणून घेतलेली, म्हणून टाकी हलकी, प्लास्टिकची. डोंगर तिनं कधी पाहिला नव्हता. रविवारी तिला आंघोळ घालायची आणि पुसून आत ठेवायची.

शेवटी रंगारी नाक मुठीत धरून रंगाच्या दुकानदाराकडे गेला. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत सांगितलं, की बाबा रे, पत्र्याची टाकी आणि प्लास्टिकची टाकी यांत फरक आहे. प्लास्टिकमधून पेट्रोलची वाफ हळूहळू बाहेर पाझरते. उघड्या प्लास्टिकमधून ती निघून जाते, कुणाला कळतही नाही. वरून रंगाचा पापुद्रा चढवला की तिला वाट मिळत नाही, मग ती रंगालाच उचलते. तू बाहेरून कितीही मार, दुखणं आतलं आहे. टाकी रिकामी कर, झाकण उघडं टाकून सावलीत, वाऱ्यावर ठेव. वास पूर्ण जाईपर्यंत रंगाला हात लावू नकोस. मग आतून साबणानं धू, वाळव आणि दोन डब्यांतलं एकत्र केलं की घट्ट होणारं औषध ओतून आतून लेप दे. मग बाहेरून रंग.

"वास जायला किती दिवस लागतील?"

"टाकीला विचार."

टाकी गॅलरीत आली. झाकण उघडं. रंगारी रोज सकाळी दात घासायच्या आधी गॅलरीत जाऊन टाकीच्या तोंडाला नाक लावायचा. वास यायचा. दुसऱ्या दिवशी यायचा. आठवडा गेला, यायचा. पंधरवडा गेला, तसाच. भाऊजींना तो फोनवर सांगायचा, "वास आहे अजून." भाऊजी म्हणायचे, "बघ बाबा, घाई नको. टाकी नीट झाली पाहिजे."

एका सकाळी टाकीत नाक खुपसलेलं असतानाच त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि तो तसाच ओणवा राहिला. इतक्या दिवसांत भाऊजींनी टाकीबद्दल सगळं विचारलं होतं. ताई कशी आहे, जेवते का, झोपते का, हे एकदाही नाही. त्याला भाऊजींचा राग आला. मग त्याला आठवलं की आपणही विचारलेलं नाही. मग त्यानं दात घासायला सुरुवात केली, कारण असल्या विचाराचं सकाळी सकाळी दुसरं करायचं काय?

इकडे ताईच्या गालांवर रंग येत होता, तोही न मारता. आल्या आल्या ती विहिरीत दगड पडावा तशी झोपायची. आता दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. बायको आणि ती दुपारभर काय बोलायच्या कुणास ठाऊक, पण रंगारी घरात शिरला की दोघी गप्प बसायच्या आणि तो बाहेर पडला की हसायच्या.

आणि वास काही जाईना. उलट वाढल्यासारखा वाटायला लागला. रंगाऱ्याला वाटलं, टाकी नाही, आपलं नाकच बिघडलं. इतकी वर्षं थिनर हुंगलं, तो वास आत बसला असणार. तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी त्याच्या नाकात बॅटरी मारली, डोळे मिटायला लावून कापूस, साबण आणि औषधाची बाटली हुंगवली, आणि नाक उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. जाता जाता विचारलं, "पण तुमच्या अंगाला पेट्रोलचा वास कसला येतोय?"

नाक उत्तम आहे ही बातमी सांगायला तो भर दुपारी घरी आला. गॅलरीचं दार अर्धं उघडं होतं. बायको टाकीशेजारी उकिडवी बसली होती. तिच्या हातात बाटली होती आणि बाटलीच्या झाकणात मोजून घेतलेलं पेट्रोल ती टाकीत ओतत होती, लहान मुलाला औषध पाजावं तसं.

"काय चाललंय?"

बायको दचकली नाही. तिनं झाकण नीट निथळून घेतलं, बाटलीला लावलं. म्हणाली, "तुमची टाकी सुकत होती."

"सुकायलाच ठेवली आहे!"

"ते मला कळतं. वास गेला की तुम्ही रंग मारणार. रंग बसला की दोघींना पाठवणार. तिला तिथं जायचं नाही."

"असं म्हणाली ती?"

"नाही. तुमच्या घरात कुणी काही म्हणतं का?"

ज्या बाईनं 'किती दिवस' विचारलं होतं, तीच रोज दिवस वाढवून देत होती. रंगाऱ्यानं उगाच काहीतरी करायचं म्हणून टाकी उचलली आणि आत चांगलं डुचमळलं.

"तू किती ओततेस?"

"झाकणभर. फक्त वासापुरतं."

"हे झाकणभर आहे?"

बायकोनं टाकी कानाशी नेऊन हलवली. तिचा चेहरा पडला. "देवाशपथ, झाकणभरच."

दोघांनी एकदमच मागे पाहिलं. दारात ताई उभी होती. तिच्या हातात केसाच्या तेलाची बाटली होती, पण तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला तेलाचा वास नव्हता.

"वहिनी," ताई हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

बायको आधी हसली की ताई, हे रंगाऱ्याला सांगता आलं नसतं. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या आणि हसता हसता ताईचं रडणं कधी सुरू झालं तेही कळलं नाही. रंगारी टाकी मांडीवर घेऊन खाली बसला. इतक्या दिवसांत जे विचारायला हवं होतं ते त्यानं आता विचारलं.

"ताई, हा ओरखडा कसा पडला?"

ताईनं सांगितलं. नवरा मारायचा नाही, ओरडायचाही नाही. तो फक्त कुलूप लावायचा. ती कामावरून आली की फाटकाला कुलूप, चावी त्याच्या खिशात. औषधाच्या दुकानापर्यंत जायचं तरी आधी कारण सांगायचं. कारण पटलं तर चावी. त्या दिवशी तो गाडी पुसून आत ठेवायला निघाला होता, किल्ली गाडीलाच होती. तिनं गाडी सुरू केली. तो फाटक लावायला धावला. अर्ध्या मिटलेल्या फाटकातून ती निघाली, तेव्हा टाकी घासली गेली.

"आणि तो मागून ओरडला," ताई म्हणाली. "पहिल्यांदाच ओरडला. 'टाकी, टाकी' म्हणून."

रंगाऱ्याला आपलं पहिलं वाक्य आठवलं, 'टाकी रंगवायला आणलीस होय', आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. बहीण फाटकातून निसटून दारात आली, आणि यानं तिला बोलू द्यायच्या आधीच प्रायमर मारला.

"आता रंग लावतो," तो उठत म्हणाला. बायकोनं टाकी हिसकावून घेतली. त्यानं ती परत घेतली. "पुरतं ऐक. फुगे आले तर तो तक्रार घेऊन येणार. पुन्हा पुन्हा येणार, रोज फोन करणार. रंग असा बसला पाहिजे की त्याला या दाराशी यायला कारणच उरू नये. दोघींतली एकच पाठवायची आहे. ती मात्र चोख पाठवायची."

मग खरी राखण सुरू झाली. टाकी पुन्हा उघडी पडली आणि या खेपेला दोन्ही बायका तिच्यावर नजर ठेवून. शेजारी माचिस मागायला आला तरी त्याला गॅलरीच्या बाजूला फिरकू देईनात. सकाळी तिघं ओळीनं नाक लावायची. एके दिवशी रंगारी म्हणाला, गेला. बायको म्हणाली, आहे किंचित. म्हणून आणखी थांबले. मग ताई म्हणाली, आता नाही. तिघांचं एकमत झालं, जे त्या घरात पूर्वी कशावरही झालं नव्हतं.

टाकी धुतली, वाळवली. आतून लेप दिला, टाकी हातात धरून सगळ्या अंगांनी फिरवली, कोपरा सोडला नाही. लेप पक्का सुकू दिला. बाहेरून हलके हलके हात मारले, प्रत्येक हातानंतर थांबून. 'शेवटचा हात' हे शब्द या कामात त्यानं एकदाही उच्चारले नाहीत. पेट्रोल भरून आठवडाभर पाहिलं. टाकी ढिम्म.

भाऊजी आले ते थेट गाडीकडे. बसून टाकीवर गाल टेकवल्यासारखं करून तिरपं पाहिलं, नखानं टिचकी मारली. ओरखडा कुठं होता ते त्यांनाही सापडेना.

"फुगे?"

"येणार नाहीत."

"आले तर?"

"येणार नाहीत. या कामासाठी तुम्हाला परत यावं लागणार नाही."

भाऊजी खूश झाले. मग आठवल्यासारखं म्हणाले, "तिला म्हणावं, चल."

ताई बाहेर आली. तिनं गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "गाडी तुमची होती, घेऊन जा. मी येणार नाही. उंबऱ्याच्या आत येऊ नका, तिथूनच जा."

भाऊजींनी रंगाऱ्याकडे पाहिलं. अशा वेळी बायकोच्या भावाकडे पाहायची पद्धत असते, तो काहीतरी सारवासारव करतो. रंगारी हात पुसत उभा राहिला. सारवायला त्यानं काही घेतलं नाही. भाऊजींनी टाकीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा टाकीकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. गल्लीच्या वळणावर खड्डा होता, तिथं त्यांनी फार जपून गाडी काढली.

संध्याकाळी गॅलरी रिकामी वाटत होती. रंगारी सवयीनं तिथं गेला, हवा हुंगली, परत आला. बायकोनं कपाटामागून पेट्रोलच्या दोन्ही बाटल्या काढल्या, एक तिची, एक ताईची, दोन्ही अजून अर्ध्या भरलेल्या. घरात ठेवणं धोक्याचं, ओतून द्यायचं तर कुठं?

"ठेवा दुकानात," ताई म्हणाली. "नवी गाडी घेणार आहे मी. माझ्या नावावर."

"घे की," रंगारी म्हणाला. "टाकी तेवढी पत्र्याची बघ."