नवव्या होलचं सारवण

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दात घासता घासता गुणवंतराव निकुऱ्यांनी ठरवलं, की निवृत्त होण्याआधी एकदा तरी साठच्या आत यायचं. ठरवलं आणि चूळ भरली. एवढ्याशा निर्णयातून पुढे काय काय उभं राहणार आहे हे कळलं असतं, तर त्या माणसाने दात न घासताच पुन्हा पांघरूण ओढून घेतलं असतं.

साठ हा आकडा वयाचा नव्हे. वयाची साठी महिनाअखेर आपोआप भरणार होती, तिच्यासाठी काही करावं लागत नव्हतं. हा आकडा गोल्फचा. मूल गावच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेला, ते नोकरी करत त्या कारखान्याच्या कॉलनीत कुण्या जुन्या साहेबाने हौसेने नऊ होलचं मैदान करून ठेवलं होतं. साहेब गेले, मैदान राहिलं. भांडार विभागाचे हेडक्लार्क गुणवंतराव गेली अकरा वर्षं दर रविवारी तिथे चेंडू मारत होते, आणि नऊ होल मिळून त्यांना कधी चौसष्ट फटके लागत, कधी सदुसष्ट. या खेळात जितके कमी फटके तितका माणूस मोठा. (ही गोष्ट त्यांनी बायकोला पहिल्यांदा समजावली तेव्हा सरिताबाई म्हणाल्या होत्या, "मंग घरीच बसा ना. शून्य होतील.")

क्लब हाउस म्हणजे पत्र्याची एक खोली. तिच्या भिंतीवर सागवानी फळा, आणि वार्षिक स्पर्धेत साठच्या आत नऊ होल संपवणाऱ्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली, पुढच्या रकान्यात फटके. बावीस नावं होती. त्यात जेमतेम आठ महिने राहून बदली झालेला एक सुरक्षा अधिकारी होता, आणि एकदा पाहुणा म्हणून आलेले एका डॉक्टरांचे जावईसुद्धा होते. गुणवंतराव नव्हते. यंदाची स्पर्धा दुसऱ्या रविवारी, आणि एकतीस तारखेनंतर क्वार्टर सोडून वरोऱ्याला मुलाकडे जायचं. म्हणजे ही शेवटची. तसं पाहिलं तर फळ्यावर नाव लागून कुणाचं काय भलं होणार होतं? पण अकरा वर्षं गुडघे झिजवलेल्या माणसाला आपण इथे होतो याचा काहीतरी पुरावा हवा असतो. गुणवंतरावांना तो मनापासून हवा होता, आणि हे बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

त्यांनी ते फक्त नवाबभाईंना सांगितलं. नवाब शेख मोटार वाइंडिंगला होते आणि रविवारचे त्यांचे जोडीदार. ते स्वतः दर वेळी सत्तर-बहात्तर फटके शांतपणे मारत आणि घरी जाऊन शांतपणे झोपत. दोघांनी कँटीनमध्ये बसून जुनी स्कोर कार्डं काढली.

"भाऊ, तुमचा लांबचा मार बरा हाये," नवाबभाई चहा फुंकत म्हणाले. "होलजवळ गेले का तुमी येडे होता. तीन-तीन, चार-चार."

हे खरं होतं. होलच्या भोवती चेंडू नीट घरंगळावा म्हणून गुळगुळीत गवत राखतात, त्याला ग्रीन म्हणतात, असं पुस्तकात आहे. इथे गवत दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून गोल पसरायचं आणि त्याला ब्राऊन म्हणायचं. त्या ब्राऊनवर गुणवंतरावांचा चेंडू मुरमाड वाटेवरच्या बैलबंडीसारखा कुठल्या कुठे जायचा.

मंगळवारपासून त्यांनी घरी सराव सुरू केला. क्वार्टरच्या मागचं अंगण सरिताबाई दर आठवड्याला शेणाने सारवायच्या. एका टोकाला पाण्याचा गडू आडवा ठेवून गुणवंतराव दुसऱ्या टोकावरून चेंडू ढकलू लागले. पहिला चेंडू गडूत. दुसरा गडूत. बुधवारी दहापैकी नऊ, गुरुवारी दहापैकी दहा. त्यातला एक तर शिंक आल्यामुळे भलतीकडेच मारला होता, तोही वळून गडूत गेला.

"सरिता, पाह्यलं का? दोष माह्यात नाईच. त्या वाळूत दोष हाये."

सरिताबाई तांदूळ निवडत होत्या. "उतार हाये तिकडे. आंघोळीचं पाणी बी तिकडेच जाते."

पण आनंदाच्या भरात असलेला माणूस उताराचं ऐकत नाही. गुणवंतरावांच्या डोक्यात आता शेणाशिवाय काही नव्हतं.

इथे क्लबची एक रीत सांगायला हवी. मैदानाचा माळी चार वर्षांपूर्वी सोडून गेला आणि कंपनीने दुसरा दिला नाही, तेव्हापासून एकेक होल एकेका सभासदाच्या नावाने करून दिलं होतं. त्याचं ब्राऊन ज्याने त्याने नीट ठेवायचं, कसं ठेवायचं ते त्याचं तो पाहील. नववं होल गुणवंतरावांकडे होतं. म्हणजे ते सारवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"रूल में है क्या?" नवाबभाईंनी तरी विचारलंच.

"शेण चालत नाई असं कुठी लिवलं नाई."

शुक्रवारी त्यांनी सरिताबाईंना गळ घातली. आपण शेवटची स्पर्धा खेळतो आहोत वगैरे जरा घोगऱ्या आवाजात सांगितलं.

"केवढं हाये?"

"गोल हाये. सोळा-सतरा पावलं."

"म्हंजे खळ्याएवढं."

"हो, खळ्याएवढंच समज."

सरिताबाईंनी तसं समजून घेतलं. शनिवारी दुपारी गुणवंतराव ऑफिसात असताना त्या नवव्या होलवर गेल्या. कुंपणापलीकडे पत्रू आणि त्याची बायको चंदा यांचं धानाचं शेत. शेण चंदाचंच घेतलं, पाणीही तिच्याच विहिरीचं. दोघींनी पदर खोचून ती तेलकट वाळू खरवडून बाजूला केली, मुरूम चोपला, वरून दोन हात सारवलं आणि कडेने रांगोळीची रेघ ओढली. संध्याकाळी गुणवंतराव पाहायला आले तर सरिताबाईंनी त्यांना कुंपणापाशीच थांबवलं.

"ओलं हाये. पाय नका ठेवू."

"होलचा झेंडा?"

"काठी बाजूले ठेवली. सकाळी लावा."

लांबून ते दृश्य पाहून गुणवंतरावांचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत नववं होल इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं. घरी जाताना त्यांनी बायकोसाठी अर्धा किलो जिलबी घेतली.

रविवारी निवृत्त होणाऱ्याचा मान म्हणून गुणवंतराव आणि नवाबभाईंची जोडी सर्वांत आधी सोडण्यात आली. क्लबचे सेक्रेटरी दिनेश साहेब, वय वर्षं चौतीस, नियमांचं पुस्तक खिशात घेऊन झोपणारा माणूस, निकाल लिहायला सोबत चालत होते. आणि त्या दिवशी गुणवंतराव खेळले. कसे खेळले ते त्यांना विचारू नये, त्यांनाही माहीत नव्हतं. रात्री झोप नव्हती, पाठ धरली होती, त्यामुळे जोरात मारायची ताकदच उरली नव्हती आणि चेंडू सरळ जात होता. तिसऱ्या होलला तर चेंडू सागाच्या झाडावर आपटून मैदानात परत आला. आठवं होल संपलं तेव्हा नवाबभाईंनी स्कोर कार्ड पुढे धरलं. त्रेपन्न.

नवव्याला सहा फटके लागले तरी एकोणसाठ. पहिला मार बरा, दुसरा बरा, तिसरा जरासा झुडपाकडे. नववं ब्राऊन उंचवट्यावर आहे, खालून दिसत नाही. चौथा फटका अंदाजाने मारला आणि चेंडू वर जाऊन अगदी मधोमध पडला असावा असं वाटलं. सत्तावन्न. आता त्या सुंदर सारवणावर दोन फटके हातात. गुणवंतराव गुडघ्यावर हात ठेवत ठेवत वर चढले.

वर धान होतं.

सारवलेल्या गोलावर काठापासून काठापर्यंत धान वाळू घातलेलं होतं आणि चंदा ते पायाने उलटं-पालटं करत फिरत होती. पत्रू दुसरं पोतं सोडत होता. गुणवंतरावांचा चेंडू धानाच्या मधोमध एखाद्या अंड्यासारखा बसला होता.

"रामराम भाऊ," पत्रू म्हणाला. "लय मस्त खळं झालं. रोडवर वाळू घालत होतो तं गाड्या जातेत वरून."

"पत्रू, हे खळं नाई रे. हे होल होय."

पत्रूने आधी गोलाकडे पाहिलं, मग गुणवंतरावांकडे. डिसेंबर महिना, गोल चोपलेली जमीन, शेणाचं सारवण, कडेने रांगोळी. याला खळं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"सरिताबाईनंच तं सांगतलं," चंदा म्हणाली. "शेण तुझं घेतलं, तं एक दिवस धान तुझं वाळू दे."

दिनेश साहेबांनी पुस्तक काढलं आणि पुढे पाऊल टाकलं.

"साहेब, जोडा काढा," पत्रू शांतपणे म्हणाला. "धान हाये."

दिनेश साहेबांनी बूट काढले. नवाबभाईंनी काढले. गुणवंतरावांनी तर केव्हाच काढले होते. तेही सिंदेवाहीकडच्या धानवाल्याचंच पोर होते, हात आपोआप लेसकडे गेला होता. तिघे अनवाणी पायांनी चेंडूभोवती उभे राहिले. पुस्तकात वाळूचा नियम होता, पाण्याचा होता, मुंग्यांच्या वारुळाचाही होता. धानाचा नव्हता. शेवटी धान ही हलवता येण्यासारखी वस्तू आहे असं ठरलं. चंदाने एक पट्टा झाडून दिला, तोही चांगल्या मनाने.

"आता झेंडा लावा," दिनेश साहेब म्हणाले.

नवाबभाई काठी घेऊन आले आणि उभेच राहिले. काठी लावायला होल पाहिजे. त्यांनी काठीने इकडे टोचलं, तिकडे टोचलं. जमीन सगळीकडे सारखीच गुळगुळीत होती. मागून दुसरी जोडी आली, तिसरी आली. बारा माणसं बूट हातात घेऊन धानात होल शोधू लागली. शेवटी सरिताबाईंना बोलावणं गेलं.

"ते बीळ?" सरिताबाई म्हणाल्या. "वीतभर खोल होतं. आत जुना डबा होता, तो काढून फेकला. मुरूम ठासला अन् बुजवलं. सारवताना बीळ ठेवते का कोणी? उंदरं येतेत."

सगळे गुणवंतरावांकडे वळले.

"सरिता," गुणवंतराव अगदी हळू म्हणाले, "आमी त्या बिळातच मारतो."

"अकरा वर्षांत सांगतलं काऊन नाई मंग?"

गुणवंतरावांनी अकरा वर्षांत बायकोला एकदाही मैदानावर आणलं नव्हतं.

"कुठी होतं ते तरी दाखव."

सरिताबाई गोलभर फिरल्या, वाकल्या, हात फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते समाधान होतं. "मलेच दिसून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या.

नवाबभाईंनी नवीन होल पाडायचं सुचवलं. खेळ सुरू असताना होलची जागा बदलता येत नाही, दिनेश साहेबांनी पान काढून दाखवलं. मग एकच मार्ग उरला. धान सगळं सावडायचं, कुदळ आणायची आणि सारवण फोडून जुनं होल शोधायचं. "निकुरेजी, होल तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले. ते खरोखर मदत करायला तयार होते.

चंदाने धान उलटवणं थांबवलं होतं. गुणवंतरावांनी फळा आठवला, त्यावरचे डॉक्टरांचे जावई आठवले. 'खोदा' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण खळ्यावर धान असताना कुदळ मारलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती पहिली कुदळ आपल्या नावाने लागावी हे त्यांच्या जिवाला पटेना. फार वाईट वाटलं त्यांना. त्यांनी वाकून चेंडू उचलला, त्याला चिकटलेले दोन दाणे परत धानात टाकले आणि म्हणाले, "राहू द्या साहेब. वाळू द्या."

दिनेश साहेबांनी कार्डावर 'अपूर्ण' असं लिहिलं. बाकीच्यांचा निकाल आठ होलवर लागला. फळ्याला मात्र नऊच होल लागत.

एकतीस तारखेला क्लब हाउसमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. सरिताबाई पुढच्या खुर्चीत होत्या. भाषण संपवून दिनेश साहेब म्हणाले की समितीने एक विशेष निर्णय घेतला आहे, आणि फळ्यावरचा रुमाल बाजूला केला. तेविसावी ओळ ताज्या रंगाने चमकत होती. लांबून गुणवंतरावांना त्यात आपलं नाव दिसलं. स्पष्ट दिसलं. छाती भरून आली, चष्मा पुसला आणि ते जवळ गेले.

'सौ. सरिता गुणवंतराव निकुरे.'

धान उचलल्यावर सगळ्यांनी त्या सारवणावर खेळून पाहिलं होतं (होल शोधून द्यायला अख्खा दिवस लागला). असं ग्रीन नागपुरातही नाही, असं मत पडलं. नऊच्या नऊ होल आता तशीच सारवायची ठरली होती आणि हा त्याचा सन्मान होता. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

"भाऊ, नाव तं लागलं," नवाबभाई कानाशी म्हणाले. "बीच में है, लेकिन है."

गुणवंतरावांनी मान हलवली. तेवढ्यावर ते समाधान मानणार होते, पण त्यांची नजर पुढच्या फटक्यांच्या रकान्यात गेली. पेंटर नवीन होता. बावीस ओळींत आकडे आणि तेविसाव्यात काहीच नाही, हे त्याला बरं दिसलं नव्हतं. त्याने तिथे गोलसर, नीटस शून्य काढलं होतं. क्लब सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी स्कोर.

सरिताबाईही चष्मा लावून तिथेच पाहत होत्या.

"म्या तुमाले पयल्याच दिवशी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, आणि समोसा घ्यायला वळल्या.