चुलतीचा दाखला

बनुबाईच्या घरी मुंबईहून जाड पाकीट आलं, तेव्हा आनंदीबाई शेजारच्या अंगणात भात कांडत होती. मध्ये कुडाची भिंत होती, तरी पाकीट फाडल्याचा आवाज आपण ऐकला, असं ती पुढे शपथेवर सांगायची. हातातलं मुसळ वरच्या वरच राहिलं.

आनंदीबाई थोरली जाऊ, बनुबाई धाकटी. पोलादपूरपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत दोघींच्या चुली वेगळ्या होऊन चौदा वर्षं झाली होती. जमीन वाटली, भांडी वाटली, गोठासुद्धा मधोमध वाटला. हेवा तेवढा वाटता आला नाही. तो दोघींकडे अख्खाच्या अख्खा राहिला.

“कोणाचा कागुद गो, बने?” आनंदीबाईने कुडावरून विचारलं.

“मैनेच्या बापसाचा. पोरीला मुंबईच्या इस्पितळात नरस करायची म्हंतायत. तीन वर्सं शिकवतात. जेवाण, लुगडी त्यांची, वर म्हयन्याला बारा रुपये. आन पास झाली का सरकारच्या पटावर नाव!”

“बरं झालं हो,” आनंदीबाई म्हणाली आणि मुसळ असं काही हाणलं की त्या दिवशीच्या तांदळाची कणी झाली.

मैना ही बनुबाईची लेक. नवऱ्याने मुंबईत दुसरं घर केलं म्हणून माहेरी परतलेली. आनंदीबाईची तुळसाही माहेरीच होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट गाडीत बसवून दिली. दोघी मराठी चौथी शिकलेल्या. मागच्या वर्षी हेच नर्सचं शिकायला जाऊ दे म्हणून तुळसा आईच्या पायाशी बसली होती. “लोकांची घाण काढायला माजी लेक उगड्यावर पडली नाय,” म्हणून आईने तिला उठवलं होतं. तीच आई आज दिवेलागणीच्या आत म्हणाली, “तुळसा, तू नरस व्हायचंस.”

तुळसाने का म्हणून विचारलं नाही. पत्र तिनेही कुडाआडून ऐकलं होतं.

मात्र बनीची पोर जाते त्याच इस्पितळात आपली पोर घालायची, हे आनंदीबाईला गिळवेना. तिचा नवरा रावजी पोलादपुरातून गूळ घेऊन आला होता. गुळाच्या कागदावर मुंबईच्या कुठल्याशा परिचारिका विद्यालयाची जाहिरात होती. सहा महिन्यांत शिक्षण पुरं, फी दीडशे रुपये, रंगीत सर्टिफिकेट आणि वर चांदीचं पदक. ते चिकट चिटोरं आनंदीबाईने धुऊन, चुलीपाशी वाळवून ठेवलं.

“जिथं आपल्याला पैसं देतात ती चाकरी,” ती म्हणाली, “आन जिथं आपुन पैसं भरतो ती शाळा. बनीची पोर चाकरीला चालली. माजी शाळंत जाईल.”

“आये, त्या शाळंचं नाव सरकारच्या यादीत हाय का?” तुळसाने विचारलं. “जाहिरातीत पदकाचं वजन लिवलंय, पन येवढी गोष्ट लिवली नाय. सरकार मानत नसंल तर कोनचा दवाखाना मला उभी करंल? आन सा म्हयन्यांत तर म्हस बी वित नाय. येवढ्यात मी काय शिकनार?”

“दीडशे म्हंजे दोन बैल,” रावजी गूळ फोडताना म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं हे एकच वाक्य, पण त्यानेच काम झालं. बैल विकून पदक आणलं तर नांगराला पदक जुंपता येणार नाही, एवढं आनंदीबाईला कळत होतं. तुळसाचाही अर्ज त्याच इस्पितळात जायचं ठरलं.

अर्जाबरोबर चालचलणुकीचा दाखला लागत होता. दाखला देणारी बाई घरातलीच वडीलधारी हवी, उमेदवाराला पाच वर्षं रोज पाहणारी हवी, पण आई नको. आता वाडीत अशी बाई कोण? मैनेला आनंदीबाई आणि तुळसाला बनुबाई. चौदा वर्षांत एकमेकींच्या पोरींना एक बरा शब्द न दिलेल्या दोन बायका दुसऱ्या दिवशी शेजारीशेजारी बसून मोटारीने महाडला निघाल्या.

महाडला कचेरीबाहेर चिंचेखाली कुशाबा अर्जनवीस बसायचा. तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून त्याने एकच नेम पाळला होता: सांगणारा सांगेल ते लिहायचं, वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. आपली अक्कल त्यात घालायची नाही. ती घालायचे पैसे वेगळे.

“जाऊबाय, तुळसाचं तुमीच सांगा,” बनुबाई गोगलगाईसारखी मऊ होत म्हणाली. मैनेचा दाखला अजून व्हायचा होता ना! “मी अंगठा करते.”

आनंदीबाईने पदर सावरला. पोर बघायला पाहुणे आल्यावर सांगावं तसं ती सांगू लागली. “लिव, कुशाबा. पोर लई नाजूक. उन्हात गेली का कोमेजते. परक्या मानसाफुडं मान वर करीत नाय. शिळ्या भाकरीला हात लावीत नाय, तूप लागतं. घानीचा वास आला तरी जेवत नाय. रगत बघितलं का चक्कर येते. कोनाचं दुखनं बघवत नाय, लगेच रडू फुटतं. आन आईबिगर तिला झोप येत नाय.”

तुळसाने हे ऐकलं असतं तर चिंचेवरच चढून बसली असती. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बनुबाईने मुकाट्याने अंगठा उठवला.

“आता तू बाजारात जाऊन मिठाचा भाव बघ,” आनंदीबाईने तिला वाटेला लावलं आणि कुशाबाच्या मेजाजवळ सरकली. “आता मैनेचं लिव. सगळं खरं लिव, काय गाळू नको. पोर कोंबड्याच्या आदी उठते आन साऱ्या घराची झोप मोडते. बूड म्हनून टेकत नाय. शिळं, वाळकं, काय बी खाते. कशाची किळस म्हनून नाय. आमच्या रखमाच्या पायात कोयता बसला तर आमी बाया डोळ्यांवर पदर घेऊन उब्या, आन ही हातानं जखम दाबून बसली! गडी मानसांना उलट बोलते. दारू पिऊन आलेल्या एकाला बखोटीला धरून निजवला. मेलेल्या म्हातारीजवळ दिवसभर एकटी बसली, डोळ्यांत टिपूस नाय. दगूड हाय नुसती.”

कुशाबाने चष्म्यावरून पाहिलं. “वहिनी, हे असंच धाडायचं?”

“असंच धाड.”

कसं कोण जाणे, परतताना मोटारीत आनंदीबाईला जरा टोचलं. मैनेचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं. बनुबाईचं चांगलं तेवढं नको होतं. पण दोन्ही गोष्टी एकाच पोरीत अडकल्या होत्या, त्याला ती काय करणार?

वीस दिवसांनी दोन पाकिटं आली. वाडीत टपालवाल्याने पत्र वाचून दाखवायचं, असा रिवाज होता. त्यामुळे खाजगी असं काही उरत नसे. त्याने आधी मैनेचं फोडलं. इस्पितळातल्या मेट्रनबाईंनी, म्हणजे नर्सांच्या मुख्य बाईंनी, लिहवलं होतं: “आपल्या चुलतीने कळवलेले गुण एकाच मुलीत क्वचित आढळतात. पहाटे उठणारी, किळस न करणारी, रक्ताला व दारुड्याला न भिणारी, चुलतीच्या शब्दांत ‘दगूड’ अशी मुलगी आम्हांस हवीच आहे. एक तारखेस हजर व्हावे. चुलतीस आमचे आभार कळवावेत.”

बनुबाईने कुडाकडे पाहिलं. टपालवाला कुडापलीकडे आनंदीबाईच्या अंगणात गेला.

मग तुळसाचं. “आपली प्रकृती दाखल्यात लिहिल्याप्रमाणे असल्यास आपणांस इस्पितळात रुग्ण म्हणून घेता येईल, शिकाऊ नर्स म्हणून नव्हे. मजकूर खरा नसल्यास त्याच चुलतीचा, तिच्या स्वतःच्या शब्दांतला दुसरा दाखला पंधरा दिवसांत पाठवावा. त्यानंतर विचार होणार नाही.”

तुळसा चुलीपाशी जाऊन बसली. बराच वेळ तिने राखेत काटकीने रेघा ओढल्या.

“आये, मी कंदी चक्कर येऊन पडले गो?”

“चांगल्या घरच्या पोरी पडतात,” आनंदीबाई पुटपुटली.

“मंग आता त्या पदकवाल्यांकडं धाड मला. नायतर इथंच ऱ्हाते जलमभर. मैना पटावर जाईल आन मी तुज्या कुडाला शेण लावीन.”

हे शेवटचं आनंदीबाईच्या जिव्हारी लागलं. मैना मुंबईहून पांढऱ्याशुभ्र लुगड्यात मोटारीतून उतरते आहे आणि तुळसा शेणाच्या हातांनी तिच्याकडे बघते आहे, असं तिला दिसायला लागलं. तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. कूड ओलांडून ती जावेच्या दारात गेली.

“बने, माज्या तुळसाला जरा नावं ठेव.”

“ईऽ! तुळसाला?” बनुबाईने कानांना हात लावले. “जीब झडंल माजी. पन चला, महाडला येते. दाखला दीन का, मनापास्नं दीन.”

ते ‘मनापासून’ आनंदीबाईला आवडलं नाही, पण इलाज नव्हता.

दोघी पोरींना घेऊन त्या चिंचेखाली बसल्या. कुशाबाने टाक बुडवला. बनुबाईने डोळे मिटले आणि जिभेवर साखर घेऊन सुरुवात केली. “लिव, कुशाबा. तुळसा म्हंजे शेवंतीचं फूल. तिचं पाऊल वाजत नाय. तिचा जीव लई हळवा. मुंगी मेली तर दोन दिस जेवली नाय...”

“बने!” आनंदीबाई ओरडली.

“मी वंगाळ कशी बोलू, जाऊबाय? माज्या मैनेसारखी दगूड थोडीच हाय ती? तुमीच लिवलेलं, टपालवाल्यानं सांगितलं. तुळसा नाजूक. लिव, कुशाबा, हातांनी कंदी तिनं गोठा बघितला नाय...”

कुशाबा लिहीत होता. नेम म्हणजे नेम. तुळसाने मान खाली घातली. मैनेने तिचा हात धरला आणि आईकडे रागाने पाहिलं, पण बनुबाईचे डोळे मिटलेलेच होते. मैना एकटीच पटावर जाणार, दुसरी नाही, या सुखात ती पार बुडाली होती.

“मुंगी?” आनंदीबाई ताडकन उठली. “हिनं इखारी फुरसं ठेचलंय पायताणानं! नाजूक कोनाला म्हंतेस गो? म्हस अडली तर खांद्यापावत हात घालून रेडकू वडलंय माज्या लेकीनं, आन तसंच हात धुवून भाकरी खाल्ली! मैना येकाला निजवते काय? हिनं पोलादपूरच्या बाजारात दोगांना वाजवलंय! रडते? कंदी रडते? नवरा तापानं फनफनला तवा त्याच्या सख्ख्या आईनं दाराला बाहेरनं कडी घातली, साथीचा ताप म्हनून. ही आत. अठरा दिस येकटी. त्याचं सगळं काडलं, धुतलं, पाजलं. शेवटी तोंडात पानी बी हिनंच घातलं. दार उगडलं तवा ही भिताडाला टेकून बसलेली, आन लोक म्हंतात काय, बघा, डोळ्यांत पानी नाय! म्हनून मी सांगते नाजूक हाय, हळवी हाय. कोनी दगूड म्हनू नये माज्या पोरीला म्हनून सांगते!”

कचेरीच्या पायरीवरची माणसं वळून बघायला लागली होती. आनंदीबाईला धाप लागली. तुळसा तिच्याकडे टक लावून बघत होती. त्या अठरा दिवसांबद्दल आईने आजवर चकार शब्द काढला नव्हता.

कुशाबाने पहिला कागद फाडला होता आणि दुसरा भरत आणला होता. “झालं लिहून,” तो हळूच म्हणाला. “पण वहिनी, अंगठा आईचा चालत नाही.”

सगळ्यांनी बनुबाईकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते आणि पदर नाकाला लावला होता.

“शाई दे,” ती म्हणाली. “कडी काडायला मीच गेलते जाऊबायसंगट. ही पोर कशी बसलेली ते मी बघितलंय.” अंगठा तिने असा दाबला की कागदाच्या मागल्या बाजूला उमटला. मग बोट पुसता पुसता तिची नजर कागदावर खालपासून वरपर्यंत फिरली. “कुशाबा, माज्या मैनेचा येवढा लांब व्हता?”

“नाही. हा अर्धं पान जास्त आहे.”

“अर्धं पान?” बनुबाई मेजाजवळ सरकली. “मंग आनिक येक कागुद घे. मैनेचं बरंच ऱ्हायलंय. बापसाला भर पंचायतीत खोटा पाडलावता तिनं.”

“तुळसानं पाटलाला पाडलावता!” आनंदीबाई दुसऱ्या बाजूने सरकली.

त्या दिवशी कुशाबाने पाच पानं लिहिली. पुढच्या बाजारी दोघी पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. तुळसालाही बोलावणं आलं, दोघी पोरी एकाच मोटारीने दासगावला आणि तिथून बोटीने मुंबईला गेल्या, पटाच्या परीक्षेला बसायच्या लायकीच्या ठरल्या, तरी महाडच्या टपालात दर पंधरवड्याला लेकींच्या दुर्गुणांचं एक पाकीट पडतच होतं. शेवटी इस्पितळाकडून दोन्ही घरांना मिळून एकच पत्र कुशाबाच्या पत्त्यावर आलं. कुशाबाने ते चिंचेखाली वाचून दाखवलं: “दोन्ही मुली उत्तम आहेत. त्यांच्याबद्दल आणखी काही कळवू नये.”

मग आनंदीबाईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “कुशाबा, त्यात पयलं नाव कोनाचं लिवलंय रे?”

बनुबाईही पुढे सरकली. कुशाबाने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. तीस वर्षांचा नेम मोडून त्याने पत्राची चार घड्यांची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, “नावं नाहीतच. नुसतं ‘पोलादपूरच्या मुली’ असं लिहिलंय.”