उष्टी हळद आणि रेडिएटर

पुतण्या सौरभच्या लग्नाची उष्टी हळद बिबवेवाडीहून खराडीला, नवरीच्या घरी, आपल्याच गाडीतून जाणार, असं महिपतरावांनी जाहीर केलं. गाडी एकोणीसशे बासष्टची. सौरभच्या हिंजवडीतल्या मित्रांकडे नव्याकोऱ्या गाड्या होत्या, पण नवऱ्याच्या अंगाची हळद पोचवण्याचा मान काकांचा, आणि काका म्हटले की गाडी आलीच. भावकीने विश्वासाने सोपवलेलं दहा वर्षांतलं हे पहिलंच काम. मुहूर्त चुकला तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आदल्या दिवशी त्यांनी स्वतः गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि रेडिएटर चिंचेच्या पाण्याने आतून लख्ख केला. पितळेच्या भांड्यांना चिंच चालते, मग पितळी रेडिएटरला का नको, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

वानवडीपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मग तिसरा गिअर सारखा सटकायला लागला. महिपतराव डगमगले नाहीत, दुसऱ्यावरच निघाले. दुसऱ्यावर रेटल्याने इंजिन तापलं आणि मुंढव्याच्या अलीकडे रेडिएटर गळू लागला. चाळीस वर्षांच्या ज्या गाळाने त्याची भोकं बुजवली होती, तो चिंचेने धुऊन काढला होता. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता, आणि आसपास दुकान नव्हतं.

"हळद टाकली की गळती थांबते," ते शेजारी वाटी घेऊन बसलेल्या शर्मिलाबाईंना म्हणाले. "जुना उपाय आहे. चमचाभर दे."

बायको जीव गेला तरी वाटी सोडायची नाही, अशी त्यांची खात्री होती. पण शर्मिलाबाईंनी निमूट वाटी पुढे केली. इंजिन निवेपर्यंत थांबून त्यांनी चमचाभर हळद घातली, पाणी ओतलं. गळती थांबेना, म्हणून आणखी एक चमचा. असं करता करता वाटी खरवडून झाली तेव्हा कुठे थेंब थांबला.

गाडी निघाली, पण महिपतरावांचं अवसान गळालं होतं. नवऱ्याची हळद गाडीला लागली, हे व्याह्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांना मनापासून लाज वाटली. एका शब्दानेही न बोलणाऱ्या बायकोकडे पाहून डोळे भरून आले.

खराडीला पोचले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. दारात नवरी पूर्वा हळदीने पिवळीजर्द होऊन उभी होती. तिच्या आईने हसत आत बोलावलं. सौरभचा मित्र उष्टी हळद मोटारसायकलवरून कधीच देऊन गेला होता. काकूंनीच धाडली म्हणाला.

महिपतरावांचा जीव भांड्यात पडला. पाणी पिऊन झाल्यावर मात्र त्यांना राग आला. त्यांनी बायकोला बाजूला घेतलं.

"म्हणजे माझ्या गाडीवर तुझा भरवसा नव्हता?"

"अहो, पूर्ण होता," शर्मिलाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "म्हणून तर दोन वाट्या भरल्या."