शंभर पेशींचे भुरेभाऊ

समोर कोणी खोकले की भुरेभाऊ त्याच्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघत. "बोट दे गा," म्हणेपर्यंत सुई टोचलेली असे.

मोहाडीजवळच्या आमच्या गावात, सरकारी दवाखान्यात ते मलेरियाच्या काचा तपासत. तापकऱ्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकातून जंतू शोधायचा, काच धुऊन टाकायची. नोकरी एवढीच. पण भुरेभाऊ काच धुण्याआधी शंभर पांढऱ्या पेशी मोजत. फ्ल्यूच्या तापात त्यांतल्या लहान गोल पेशी फार घटल्या, की आजार छातीत उतरणार, असा त्यांचा सिद्धान्त. डॉक्टर हसत. भुरेभाऊंचे एकच पालुपद: "रक्त आधी सांगते, छाती मागून."

मोजताना कोणी बोलले की पुन्हा एकपासून. तालुक्याहून आलेल्या साहेबांनाही त्यांनी शंभरावी पेशी येईपर्यंत दारात उभे ठेवले होते.

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रके काढत असे. गरिबांना आकड्यांनी घाबरवणाऱ्या या नव्या ज्योतिष्याविरुद्ध एक लिहून तयार होते. ते छापण्याआधी माझ्या आईलाच फ्ल्यू झाला.

एरवी शंभरात तीसेक असणाऱ्या गोल पेशी तिच्या काचेवर निघाल्या फक्त अकरा. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, घरी न्या. आमच्या मागोमाग भुरेभाऊ सायकलवर आले आणि ओसरीवर ठाण मांडून आईचे श्वास मोजू लागले. धाप लागली तर भंडाऱ्याला न्यायला जीपसुद्धा सांगून ठेवली होती. तीन दिवस ड्युटी संपली की हजर. आई वैतागली. मला म्हणाली, "मी काही मरून नाही राहिली. या भाऊले घरी जाऊ दे."

चौथ्या दिवशी ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. मी पत्रक खिशात घालून दवाखाना गाठला आणि सुनावले, "चुकलात तुम्ही."

"चुकलो," म्हणत त्यांनी वही उघडली. आईच्या नावापुढे लाल पेन्सिलीने 'चूक' लिहिले. चेहरा असा, जणू पोराचा पहिला नंबर आला.

मी वहीचे पहिले पान उघडले. पहिलेच नाव त्यांच्या बायकोचे. गोल पेशी नऊ. पुढे बारीक अक्षरात: 'बरोबर. छाती भरली. गेली.'

"तेव्हा डॉक्टरांना सांगितलं होतं?" मी विचारले.

"कोणालेच नाही," भुरेभाऊ काच पुसत म्हणाले. "वाटलं, तिले उगाच भेव कायले दाखवावं."

सकाळपासून माझा घसा खवखवत होता. मी बोट पुढे केले, आणि शंभर होईपर्यंत एक शब्द बोललो नाही.