तीस ग्रॅमच्या चाळीस गासड्या

“चाळीस गासड्या, आणि सगळ्यांचं मिळून वजन तीस ग्रॅम! एक कण जास्त भरला, तर छत्तीस वर्षं मी तराजू दुरुस्त केले नाहीत, माश्या मारल्या म्हण!” ग्रॅमराव मेहुणीला म्हणाले.

ग्रॅमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जन्मभर दुकानादुकानांतले काटे दुरुस्त करत फिरलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? हातात लिंबू दिलं तरी ते आधी वजन सांगत, मग आभार मानत.

गासड्या म्हणजे गवताच्या गासड्या, आणि त्याही अर्ध्या काडेपेटीएवढ्या. ग्रॅमरावांच्या बायकोनं दोन वर्षं खपून जेवणाच्या टेबलावर एक छोटंसं शेत उभं केलं होतं. गोठा, विहीर, तारेचं कुंपण, सात गाई आणि गोठ्यावर आगकाड्यांचा माळा. ती दोन वर्षं दोघं ताट मांडीवर घेऊन जेवली. चार महिन्यांपूर्वी ती गेली. ग्रॅमराव अजून ताट मांडीवर घेऊनच जेवत. शेत पूर्ण झालं होतं, माळा तेवढा रिकामा राहिला होता. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर एवढंच होतं: ‘माळ्यावर गासड्या. चाळीस.’

आता वाचनालयानं प्रदर्शनासाठी ते शेत मागितलं होतं.

“भावोजी, तुम्ही हात लावू नका,” मेहुणी म्हणाली. “तुम्ही केलेली वस्तू म्हणजे रणगाडा असतो! तुमचं ते स्टूल उचलायला दोन माणसं लागतात!”

“मजबूत आहे ते.”

“भूकंपात घर पडेल, स्टूल राहील! ते जाऊ दे. माळा मोडला, तर शेत मी माझ्याकडे घेऊन जाणार. ताईच्या हातची शेवटची वस्तू आहे ती.”

“आणि नाही मोडला तर?”

“तर राहील तुमच्याकडे. वर चारचौघांत तुमची माफी मागेन.”

ग्रॅमरावांनी भिंग लावून माळ्याच्या काड्या मोजल्या, कागदावर गणित मांडलं. माळा तीस ग्रॅम पेलेल, असं उत्तर आलं. खरंच वजन ठेवून बघायची काही छाती झाली नाही. म्हणजे एका गासडीला पाऊण ग्रॅम!

पहिल्या चाळीस त्यांनी लाकडाच्या केल्या. सवयच ती! एकेक नऊ ग्रॅमची भरली. एकूण तीनशे साठ! माळाच काय, सातही गाई भुईसपाट झाल्या असत्या. त्या गासड्या गेल्या खोक्यात.

मग थर्माकोल आणला. त्यावर सुतळीचा भुसा चिकटवायला घरातला चपला चिकटवायचा गोंद घेतला. गोंद लागताच थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळू लागला. पाच मिनिटांत गासडीच्या जागी एक चिकट डाग आणि ग्रॅमरावांचं बोट, दोन्ही टेबलाला घट्ट!

तिसऱ्या खेपेला जमलं. पांढरा गोंद पाण्यात पातळ केला, थर्माकोलचे तुकडे त्यात बुडवले, बारीक कातरलेल्या सुतळीत घोळवले आणि वरून तपकिरी दोऱ्याचे दोन वेढे. अगदी शेतातून उचलून आणल्यासारख्या!

वजनाला त्यांनी सोनाराचा जुना काटा काढला. तो काटा असा नाजूक, की शेजारी कुणी उसासा टाकला तरी हलायचा. म्हणून अकरा दिवस पंखा बंद, खिडक्या बंद, आणि ग्रॅमराव श्वास रोखून बसलेले.

“अहो, घर आहे की भट्टी?” मेहुणी दारातच ओरडली. “पंखा लावा!”

“नाव काढू नकोस पंख्याचं! आणि बोलायचं असेल तर तिकडे तोंड करून बोल!”

मेहुणी तासभर भिंतीशी बोलून घरी गेली.

एक गासडी जरा जास्त भरली. ग्रॅमरावांनी बायकोचा भुवयांचा चिमटा काढला आणि त्या गासडीचे एकवीस केस उपटले. शेवटी बेरीज आली एकोणतीस ग्रॅम आणि वर चौऱ्याण्णव शतांश. स्वारी खूश!

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी चिमट्यानं एकेक गासडी माळ्यावर रचली. चाळिसावी ठेवली आणि कान लावला. कट् नाही की कुट् नाही. त्यांनी मेहुणीकडे असं पाहिलं, की तिनं माफीचे शब्द जुळवायलाच लागावं.

पाहुणे म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते. हातात चहाचा कप घेऊन ते माळ्यावर वाकले.

“वा! किती हलक्या दिसतायत!”

“दिसतायत नाही, आहेत!” ग्रॅमराव म्हणाले. “पाऊण ग्रॅम! एकही वर नाही!”

“किती उकडतंय पण,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “थांबा हं, डॉक्टर.”

कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा उभा पंखा होता. बाईंनी त्याचं तोंड थेट डॉक्टरांकडे वळवलं आणि तीन नंबरचं बटण दाबलं.

घरी अकरा दिवस वाऱ्याची झुळूकही न लागलेल्या त्या गासड्या! आधी एक सरकली. मग दुसरी उठून उभी राहिली. आणि मग चाळीसच्या चाळीस थव्यानं उडाल्या! एक डॉक्टरांच्या चहात. एक कुणाच्या अंबाड्यात. एक शिपायाच्या तोंडात, तो नेमका जांभई देत होता! सुतळीचा भुसा तेवढा हवेत राहिला आणि डॉक्टरांनी शिंकायला सुरुवात केली.

“मला... हाक् छी!... गवताची ॲलर्जी आहे!”

“अहो, गवत नाही, सुतळी आहे ती!” ग्रॅमराव ओरडले.

“नाकाला सांगा! हाक् छी!”

“पंखा बंद करा!” मेहुणी किंचाळली. ग्रंथपालबाई धावल्या. हातात सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा होता, तो त्यांनी समोर दिसेल तिथे टाकला. समोर दिसला तो माळा!

‘चारशे दहा ग्रॅम!’ ग्रॅमरावांनी मनात म्हटलं आणि डोळे मिटले.

पंखा थांबला. डॉक्टरांची शिंकही एकदाची थांबली. काहीच मोडल्याचा आवाज आला नाही. ग्रॅमरावांनी एक डोळा उघडला. जुडगा माळ्यावर ऐसपैस बसला होता आणि माळा जागचा हलला नव्हता.

ते गुडघ्यांवर बसले आणि मान वाकडी करून माळ्याच्या खालून पाहिलं. आगकाड्यांच्या मागे, तपकिरी रंग दिलेले, सायकलचे दोन स्पोक होते. हे तेच स्पोक, जे सायकलवाल्यानं ढापले म्हणून गेल्या वर्षी त्यांनी त्याच्याशी भांडण केलं होतं. कित्येक महिने त्याच्याशी बोलणं बंद होतं!

मेहुणीही शेजारी वाकली. तिनं स्पोकला बोट लावून पाहिलं.

“ताई म्हणाली होती खरं,” ती हळूच म्हणाली. “गासड्या मी ह्यांनाच करायला सांगणार, म्हणून.”

“मग आधी बोलली का नाहीस?”

“मला काय माहीत, तुमच्या गासड्यांसाठी तिनं लोखंड घातलंय ते!”

ग्रॅमरावांनी चष्मा काढला. चष्म्यात भुसा गेला होता, तो पुसत बसले.

“शेत तुमच्याकडेच राहू दे, भावोजी,” मेहुणी उठत म्हणाली. मग तिनं ठरल्याप्रमाणे चारचौघांत माफीही मागितली. पण डॉक्टर पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे ती कुणाला ऐकू गेली नाही.

ग्रॅमराव घरी जाऊन लाकडाच्या गासड्यांचं खोकं घेऊन आले. तीनशे साठ ग्रॅम माळ्यावर रचले आणि स्वतःच्या हातानं पंख्याचं तीन नंबरचं बटण दाबलं. एकही हलली नाही.

संध्याकाळी निघताना त्यांनी अभिप्रायाची वही उघडली. पहिल्याच पानावर कुणीतरी लिहिलं होतं: ‘शेत सुरेख. वादळाचा देखावा तर हुबेहूब! पुढचा खेळ किती वाजता?’