बारा रोपांची मोहीम आणि आप्पांची खुडणी

ऐक. नुसतं ऐक, मधे बोलू नकोस, हसायचं ते शेवटी हस. बीजदेवता प्रसन्न, माती साक्ष, झारी साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध तृतीया, ते दिवशी डोंगरावरच्या एका थंड राज्यात, ज्याची सरहद्द पूर्वेस धुणं वाळत घालायच्या तारेपर्यंत आणि पश्चिमेस शेजारच्या कुंपणापर्यंत, तेथे राजे भूपाल महाराज, म्हणजे आमचे बाबा, यांनी भर चहाच्या दरबारात एक पाकीट फोडिलें आणि फर्माविलें की यंदा परसात ब्रसेल्स स्प्राऊट होणार. तेव्हा पद्मावती राणीसाहेब, म्हणजे आई, बोलत्या जाहल्या, "अहो, बोराएवढा कोबी खायला चार महिने थांबायचं? मंडईत डोक्याएवढा मिळतो, आणि तोही आजच." महाराज म्हणाले, "तो वेगळा. हा उभ्या दांड्याला लगडतो, पानाच्या प्रत्येक बगलेत एक गड्डा." राणीसाहेब म्हणाल्या, "लगडू दे, पण माझ्या मेथीच्या वाफ्यात नाही." आता खरं सांगू का, याआधी महाराजांच्या दोन मोहिमा फसल्या होत्या, स्ट्रॉबेरी गोगलगाईंनी नेली आणि ब्रोकोली पिवळी फुलून बसली, आणि तेव्हापासून दूधवालासुद्धा फाटकातून विचारी की साहेब, यंदा काय लावून मारणार? महाराज वरून हसत आणि मग तासभर परसात एकटेच तण उपटत बसत. म्हणून या खेपेस त्यांनी हट्ट धरिला आणि मग तह जाहला, की भोगीच्या दिवशी ताटात या पिकाचा एक घास जरी पडला तरी वाफा कायमचा महाराजांचा, नाही पडला तर वाफा मेथीला परत आणि महाराजांनी पुन्हा बियाण्याचं पाकीट घरात आणायचं नाही.

मग दह्याच्या रिकाम्या वाट्यांना तळाशी भोकं पाडून, त्यात माती आणि शेणखत भरून, एकेक बी बोटाच्या पेराएवढं खोल पेरिलें. बी दिसायला हुबेहूब मोहरी, त्यामुळे ओट्यावर विसरलेली सहा राणीसाहेबांच्या हातून फोडणीत तडतडली, आणि महाराजांनी त्या दिवशीची आमटी वीरांच्या स्मरणार्थ मुकाट्याने खाल्ली. उरलेल्यांतली बारा उगवली आणि ऐन दसऱ्याला त्यांनी वाट्यांतून वाफ्यात सीमोल्लंघन केलें. महाराजांनी हात हात अंतरावर लावून मुळाशी माती पायाने घट्ट दाबिली, कारण म्हणे सैल मातीत गड्डा आवळत नाही, सुटा राहतो. आणि मग हिरव्या अळ्यांची फौज आली, तेव्हा महाराज रोज सकाळी चष्मा लावून पानं उलटून बघत आणि सापडेल ती अळी काड्यापेटीत घालून शेजाऱ्यांच्या कोबीकडे तडीपार करीत. मारिली एकही नाही हो, महाराज दयाळू! आणि मग थंडी पडली, रोपं माझ्या कमरेला आली, आणि पौषात एके सकाळी महाराज मला हाताला धरून ओढत घेऊन गेले आणि पान बाजूला करून कुजबुजले, "बघ." प्रत्येक बगलेत एक हिरवा मणी. अगं, महाराजांच्या डोळ्यांत पाणी होतं. राणीसाहेबांनी मात्र तहापासून त्या वाफ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलें नव्हतें.

आता येथे कथेत आप्पांची स्वारी आली. आप्पा म्हणजे राणीसाहेबांचे वडील, बाळगोंडा आप्पा, तंबाखूच्या मुलखातले, चाळीस वर्षं तंबाखू पिकविलेले, मिशी अजून पांढऱ्या झाडूसारखी ताठ. भोगीच्या आदल्या दिवशी ते तीळ घेऊन दाखल जाहले. भोगीच्या सकाळी महाराज गुळाच्या खरेदीस बाहेर पडले आणि जाताना मला आज्ञा केली की वाफ्यावर डोळा ठेव, दुपारी मी स्वतः कात्रीने पहिला गड्डा तोडणार. आणि मी काय केलं, तर भोगीचं न्हाणं म्हणून डोक्यावरून पाणी घ्यायला गेले. अर्धा तास, फार तर. बाहेर येते तो काय, केसांतून पाणी ठिबकतंय आणि समोर आप्पा वाफ्यात! बाराही रोपांचे शेंडे खुडलेले आणि अकरा रोपांच्या बगला साफ, एक मणी शिल्लक नाही.

"आप्पा! काय करताय?"

"आगं पोरी, जावईबापूंनी पीक झक्कास आणलंय, पर बगलंत समदी फूट, नको ते कोंब, तशीच ठेवलीया. अशानं पान कसं भरायचं? शेंडा मोडायचा आन् बगल काढायची, मग बघ पान कसं हत्तीच्या कानागत हुतंय."

"अहो, ही तंबाखू नाही!"

"नसंना. पानाचं पीक ते पानाचं पीक."

आणि ते बाराव्या रोपाकडे वळले. तेव्हा मला एकच शस्त्र सुचलं, मी ओरडले, "आप्पा, चहा!" आणि आप्पा चहाला नाही म्हणत नाहीत, म्हणून बारावं रोप वाचलं. मी विचारलं, "काढलेली फूट कुठाय?" तर म्हणाले, "तुझ्या आईला दिली की. कवळी हुती, म्हटलं भोगीच्या भाजीत घाल." मी स्वयंपाकघरात धावले, तर राणीसाहेब वांगी, पावटा, हरभरा आणि तिळाच्या कुटात ते मणी ढवळीत गुणगुणत होत्या.

मग महाराज परत आले. ताटं मांडलेली, बाजरीची भाकरी, लोणी, आणि महाराज एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात चांदीची वाटी घेऊन परसाच्या दाराकडे निघाले, आणि मी दारात आडवी. "बाबा, आधी एक घास खा." "अगं, आधी तोडून आणतो." "आधी घास!" महाराज चिडून बसले, घास घेतला आणि थबकले. "पद्मा, यात हे गोड, कोवळं काय गं?" राणीसाहेब म्हणाल्या, "आप्पांनी आणून दिलं." आणि आप्पांनी उत्तराला तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता "फूट" हा शब्द बाहेर पडला की सासरे-जावई जन्मात बोलायचे नाहीत. म्हणून आप्पांच्या आधी मी बोलले, "बाबा, ते तुमचेच ब्रसेल्स स्प्राऊट! आप्पांनी खास भोगीसाठी पहिली तोडणी केली. त्यांना ही विद्या येते."

महाराजांनी भाजीतून एक मणी वेचून उजेडात धरिला, हळूच खाल्ला, आणि उठून आप्पांच्या पायांवर डोकं ठेविलें. आप्पांना काही कळलं नाही, पण मान मिळतोय एवढं कळलं, म्हणून मिशीवर हात फिरवून म्हणाले, "त्यात काय जावईबापू, चाळीस वर्सं ह्येच केलंय." राणीसाहेबांनी पळी खाली ठेविली आणि म्हणाल्या, "जिंकलात. घ्या वाफा." आणि त्यावर कळस असा की शेंडा मोडल्यामुळे बाराव्या रोपाचे मणी पंधरा दिवसांत लिंबाएवढे जाहले, आणि दूधवाल्याने फाटकातून हात जोडिले, आणि महाराजांनी आप्पांस वाफ्याचे सरलष्कर नेमिलें.

एवंच, वाफा राहिला, घर राहिलें, खोटं माझ्या एकटीच्या पोटात राहिलें. पण परवा तीस रोपांचं नवं पाकीट आलंय, आणि काल महाराजांनी सरलष्करांना फोन लावून या म्हटलं, तर आप्पा गरजले, "येतो की! औंदा दसऱ्यापास्नंच बसतो. मव्हरीएवढी असतानाच काढतो, बगलंत एक ठेवत न्हाई बघा!" आणि महाराज फोन धरून आनंदाने रडले. आता बोल, हस नंतर. माझ्या जागी तू काय केलं असतंस?